शालेनब्लेंडची चकती यूव्हीखाली जांभळीच का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलंडची म्हणून घेतलेली शालेनब्लेंड या पट्टेदार दगडाची तळहाताएवढी, एका बाजूने पॉलिश केलेली चकती. विक्रेत्याच्या फोटोत तिचे पट्टे नारिंगी-पिवळे पेटल्यासारखे दिसत होते. घरी 395 नॅनोमीटर लहरींच्या यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली मात्र सगळी चकती जांभळट दिसते, फक्त कडेजवळची एक बारीक रेघ निळी-पांढरी झगझगते. दगड खोटा आहे की टॉर्च चुकीचा?

दगड बहुधा खरा आहे. टॉर्च या कामाचा नाही. आणि ती निळी रेघ दगडाची नसून चिकटवण्याच्या रेझिनची असण्याची शक्यता फार मोठी आहे. तरीही फोटोतला भडक नारिंगी रंग तुमच्या चकतीत निघेलच असे नाही, कारण शालेनब्लेंडच्या एकाच तुकड्यात एक पट्टा छान उजळतो आणि त्याला लागून असलेला पूर्ण काळा राहतो. हे का होते ते कळले की कुठे बघायचे आणि कशाने बघायचे, दोन्ही सुटते.

शालेनब्लेंड हे एका खनिजाचे नाव नाही. जस्ताचे सल्फाइड दोन रूपांत सापडते: घनाकृती रचनेचे स्फॅलेराइट आणि षट्कोनी रचनेचे वुर्टझाइट. हे दोन्ही अतिशय बारीक तंतूंच्या स्वरूपात थरावर थर बसून तयार झालेला दगड म्हणजे शालेनब्लेंड. मधल्या करड्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या पट्ट्या गॅलेनाच्या, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या. पितळी किंवा हिरवट-पिवळ्या झाकेच्या पट्ट्या मार्कासाइट किंवा पायराइटच्या, म्हणजे लोहाच्या सल्फाइडच्या. जर्मनमध्ये ‘शाले’ म्हणजे कवच किंवा टरफल. ‘ब्लेंड’ हा शब्द डोळ्यांना चकवण्यावरून आला, कारण खाणकामगारांना हा दगड शिशाच्या धातुकासारखा वाटायचा आणि त्यातून शिसे मात्र निघायचे नाही. स्फॅलेराइट या नावामागचा ग्रीक शब्दही ‘दगा देणारा’ याच अर्थाचा आहे.

बाजारातला बहुतेक पोलिश माल क्राकूवच्या वायव्येकडच्या ओल्कुश परिसरातला आहे. तिथे ट्रायासिक या प्राचीन भूगर्भीय काळातल्या डोलोमाइटच्या, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाच्या पोकळ्यांमधून जस्त आणि शिसे वाहून आणणारे खारे, गरम पाणी फिरले आणि पोकळीच्या भिंतींवर एकामागून एक थर साचत गेले. त्या पाण्याची रासायनिक घडण सारखी बदलत होती. म्हणून प्रत्येक थरात जस्तासोबत लोह, मँगनीज, कॅडमियम, शिसे, थॅलियम यांचे प्रमाण वेगळे पडले. ओल्कुश-पोमोझानी खाणीतले उत्खनन 2020 च्या अखेरीस थांबले, त्यामुळे आता फिरतो तो जुन्या साठ्यातला माल. जर्मनीतल्या वीसलोखचा आणि बेल्जियमच्या केल्मिस-प्लोंबिएर भागातला मालही जुन्या संग्रहांतून येत असतो.

शुद्ध जस्त सल्फाइडला 365 नॅनोमीटरचा प्रकाश दाखवला तर फारसे काही होत नाही. उजेड देतात ती त्यात मिसळलेली इतर मूलद्रव्ये. जस्ताच्या जागी थोडे मँगनीज बसले की 580 ते 590 नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-पिवळा रंग येतो. चांदीने निळा, तांब्याने हिरवा किंवा निळसर. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला निळा रंग चांदी घातलेल्या जस्त सल्फाइडचाच होता, आणि अंधारात हिरवे चमकणारे जुने स्टिकर तांबे घातलेल्या जस्त सल्फाइडचे. याच्या उलट लोह, कोबाल्ट आणि निकेल हा उजेड मारतात. शोषलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडण्याआधीच लोह ती उष्णतेत घालवते, आणि त्यासाठी लोह दशलक्षात काही भाग असले तरी पुरते. निसर्गातल्या स्फॅलेराइटमध्ये लोह वजनाने 10 टक्क्यांच्या वर गेलेले सहज सापडते. तो दगड काळा असतो आणि कुठल्याही दिव्याखाली काळाच राहतो.

म्हणून तुमच्या चकतीत सर्वांत आधी फिकट, मलईसारखे आणि मधाच्या रंगाचे पट्टे तपासा. गडद तपकिरी पट्ट्यांकडून अपेक्षा कमी ठेवा, पण त्यांना पूर्ण बाद करू नका: शालेनब्लेंडमधला तपकिरीपणा नेहमी लोहाचाच असतो असे नाही, आणि फिकटपणा कधी कधी केवळ तंतू अतिशय बारीक असल्याने प्रकाश विखुरून आलेला असतो. गॅलेना आणि मार्कासाइट मात्र कधीच उजळत नाहीत.

आता तो जांभळा रंग. 395 नॅनोमीटरच्या एलईडीचा बराचसा प्रकाश आपल्या डोळ्यांना जांभळा म्हणून दिसतो. पॉलिश केलेले गॅलेना म्हणजे जवळपास आरसा, आणि जस्त सल्फाइडचीही चकाकी हिऱ्याच्या जवळ जाणारी. तुम्ही पाहता आहात ते टॉर्चचे प्रतिबिंब आहे. दगडाने स्वतः दिलेला मंद नारिंगी उजेड असला तरी तो त्यात बुडून जातो. टॉर्चखाली नोटेवरची खूण उजळली, हळद उजळली, म्हणून टॉर्च योग्य असे समजू नका. त्या वस्तू इतक्या तेजस्वी उजळतात की कोणताही दिवा पास होतो.

नवा दिवा घेण्याआधी एक स्वस्त प्रयोग करा. हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या काचेचे पॉलीकार्बोनेटचे सेफ्टी गॉगल मिळतात. ते घालून त्याच टॉर्चने पाहा. पिवळी काच जांभळा उजेड अडवते आणि नारिंगी-पिवळा आत येऊ देते. गॉगल घातल्यावर एखादा फिकट पट्टा शेजारच्यापेक्षा वेगळा, कोमट नारिंगी दिसला, तर चकतीत जीव आहे आणि चांगल्या दिव्यावर पैसे घालायला हरकत नाही. सगळे पट्टे एकसारखे अंधारे राहिले तर उशिरा निराश होण्यापेक्षा आत्ताच अपेक्षा कमी करा. गॉगलमधून निळ्या रंगाचा निवाडा होत नाही, तेवढे लक्षात ठेवा.

दिवा घ्यायचा तर 365 नॅनोमीटरचा एलईडी आणि पुढे झेडडब्ल्यूबी2 जातीची काळी फिल्टर काच, साधारण 2 मिलिमीटर जाडीची. फिल्टरशिवायचा 365 टॉर्चही पांढरट-जांभळा उजेड गाळतो. तपासायचे कसे: स्टीलचा स्वच्छ चमचा अंधारात धरून त्यावर दिवा पाडा. चमच्यावर ठळक जांभळा ठिपका दिसला तर फिल्टर नाही किंवा नावापुरता आहे; चांगल्या दिव्याचा ठिपका अगदी मंद असतो. थेट दिव्यात पाहू नका आणि चमच्याचा झोतही डोळ्यात घेऊ नका.

शॉर्टवेव्ह म्हणजे 254 नॅनोमीटरचा दिवा स्फॅलेराइटसाठी आधी घेऊ नये. कारण सोपे आहे. जस्त सल्फाइड साधारण 335 नॅनोमीटरपेक्षा छोट्या लहरी जवळजवळ पूर्ण शोषून घेते, त्यामुळे 254 चा किरण मायक्रॉनच्या अंशाइतक्या खोलीतच संपतो. नेमका तोच थर पॉलिश करताना रगडला गेलेला, मळलेला असतो. 365 चा किरण आतपर्यंत जातो आणि फिकट पट्ट्यांत खोलवरून उजेड येतो. शॉर्टवेव्हचा उपयोग वेगळा: जस्त धातुकाच्या भेगांमध्ये नंतर तयार झालेले हायड्रोझिंकाइट हे जस्ताचे खनिज त्याखाली लख्ख निळे-पांढरे उजळते आणि लगेच ओळखू येते. महाराष्ट्रातल्या संग्राहकांकडे नाशिकच्या बेसाल्टमधला पॉवेलाइट (एक खनिज) असेल तर तो शॉर्टवेव्ह दिव्याच्या परीक्षेला उत्तम, कारण तो त्याखाली मलईसारखा पिवळा उजळतो. मध्ये खिडकीची साधी काच धरली आणि उजेड गेला, तर तो शॉर्टवेव्हचा होता.

पाहायची पद्धत अशी ठेवा. खोली पूर्ण अंधारी करा. मोबाइलचा स्क्रीन आणि चार्जरचा लाल ठिपकाही झाका. दहा मिनिटे डोळे सरावू द्या. हे पायंडा म्हणून सांगत नाही. 1909 मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन हे भौतिकशास्त्रज्ञ जस्त सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजत होते, तेव्हा त्यांनाही आधी अंधारात बसून डोळे सरावून घ्यावे लागत. पदार्थ तोच आहे आणि डोळाही तोच. चकतीखाली काळे मखमली कापड ठेवा, पांढरा कागद नको. कागद आणि डिटर्जंटने धुतलेले सुती कापड स्वतःच निळे पेटतात आणि त्यांचा उजेड दगडावर पडतो. दिवा 5 ते 10 सेंटीमीटरवर, पृष्ठभागाशी 45 अंशांत तिरपा धरा आणि तुम्ही सरळ वरून पाहा, म्हणजे प्रतिबिंब दुसऱ्या दिशेला निघून जाते. मग चकती हळूहळू फिरवा. उजेड खरा असेल तर चकती फिरवली तरी पट्टा तितकाच उजळ राहतो; प्रतिबिंब असेल तर ते क्षणात विझते आणि दुसरीकडे पेटते. ही एकच कसोटी लक्षात ठेवली तरी निम्मे गैरसमज टळतात.

शेवटी दिवा बंद करून दोन-तीन सेकंद त्याच जागी पाहत राहा. काही स्फॅलेराइट दिवा बंद झाल्यावरही क्षणभर उजेड धरून ठेवते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिलच्या स्फॅलेराइटची ख्याती त्याच्या नारिंगी आणि निळ्या अनुदीप्तीसाठी, म्हणजे यूव्हीखाली उजळण्यासाठी आहे. विक्रेत्यांचे नारिंगी फोटो पाहून जी कल्पना होते, ती बऱ्याचदा अशा दगडांची असते. पण तो प्रचंड उष्णता-दाबातून गेलेला, दाणेदार, लोह कमी असलेला दगड आहे. त्यात पट्टे नाहीत. पोलंडच्या पट्टेदार मालाची तुलना त्याच्याशी करणे म्हणजे पट्टेदार मालावर अन्याय आहे.

आता निळी रेघ. शालेनब्लेंड भेगाळ आणि पोकळ्यांचा असतो. कापताना तुटू नये म्हणून भेगांमध्ये इपॉक्सी रेझिन किंवा सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) मुरवतात, आणि इपॉक्सी 365 खाली निळे-पांढरे उजळते. दहापट भिंगाखाली पाहा: रेघ पट्ट्यांना समांतर न जाता त्यांना छेदत जात असेल, तिच्यात गोल बुडबुडे असतील, तर ते रेझिन. सायनोअॅक्रिलेट असेल तर अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या इअरबडने मिनिटभर चोळल्यावर उजेड इअरबडवर येतो. इपॉक्सी इतक्याने हलत नाही. अॅसिटोनने सल्फाइडला काही होत नाही, पण खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको. कापताना वापरलेले तेल किंवा रॉकेल सच्छिद्र पट्ट्यात मुरले असेल तर तेही धुरकट निळे उजळते. इथे रेघ नसून डाग पसरलेला दिसतो. कॅल्साइटच्या शिरा पांढऱ्या, गुलाबी किंवा नारिंगी उजळू शकतात, आणि गॅलेनाच्या कडेला पिवळा ठिपका दिसला तर तो बहुधा सेरुसाइट, म्हणजे शिशाचे कार्बोनेट. हे सगळे नैसर्गिक आहे, पण सल्फाइडचा उजेड नाही. वर्णन लिहिताना हा फरक प्रामाणिकपणे लिहावा.

दगडच खोटा असल्याची शंका उरली असेल तर घनता मोजा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. कोरडी चकती तोला. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, चकती दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरा. आता दिसणारा आकडा म्हणजे चकतीचे आकारमान, घन सेंटीमीटरमध्ये. समजा वजन 210 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 48, तर घनता साधारण 4.4. जस्त सल्फाइडची घनता सुमारे 4, मार्कासाइटची 4.9, गॅलेनाची 7.5, म्हणून पट्ट्यांच्या प्रमाणानुसार 4 ते 5 च्या आसपासचा आकडा योग्य. डोलोमाइट जास्त असेल तर आकडा 4 च्या खाली येईल. 2 च्या खाली आला तर ते रेझिन आहे. मोजणी झाल्यावर चकती टिपून घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पंख्याखाली वाळवा.

आम्लाचा थेंब टाकून तपासण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो मानू नका. हायड्रोक्लोरिक आम्लाने सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास हा त्याचाच, तो वायू विषारी आहे, आणि पॉलिशही जाते.

ज्यांना स्वतः कापायचे-घासायचे आहे त्यांच्यासाठी. इथली खरी अडचण कडकपणातल्या फरकाची आहे: मोह्सच्या मापाने गॅलेना 2.5, जस्त सल्फाइड 3.5 ते 4, मार्कासाइट 6 ते 6.5. मऊ पॅडवर घासले की गॅलेना खड्ड्यात जाते आणि मार्कासाइटची धार वर राहते. म्हणून कडक, सपाट लॅपवर (घासण्याच्या फिरत्या तबकडीवर) हिऱ्याची 220, 400, 600 आणि 1200 नंबरची चक्रे, त्यानंतर 3 मायक्रॉन हिरा, आणि अगदी शेवटी ओलसर पॅडवर 0.3 मायक्रॉन अॅल्युमिनियम ऑक्साइड, हलक्या हाताने, मिनिटभरच. प्रत्येक टप्प्यानंतर चकती आणि हात धुवा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक वेगळीच आहे, आणि ती साध्या प्रकाशात दिसतही नाही. दाब जास्त पडला किंवा पाणी कमी पडले की मऊ गॅलेना शेजारच्या फिकट पट्ट्यावर पेन्सिलीच्या शिशासारखी पसरते. चकती झकास चमकते, पण यूव्हीखाली पट्ट्याची कड धुरकट होते, उजेड कडेपासून आत जाताना हळूहळू वाढतो. खरी सीमा असेल तर ती रेखीव दिसते. असा धूर दिसला तर 1200 वर परत जा, भरपूर स्वच्छ पाणी, निम्मा दाब, आणि घासण्याची दिशा पट्ट्यांना समांतर ठेवा, आडवी नको. निव्वळ अनुदीप्ती पाहायची असेल तर एक बाजू 600 वर थांबवलेली बरी. प्रतिबिंबाचा त्रासच राहत नाही.

कापायला अखंड कडेचे हिऱ्याचे पाते आणि पाणी. तेल नको, कारण वर सांगितले. स्फॅलेराइट सहा दिशांना फुटते आणि अचानक तापले की तडकते, म्हणून पाते हळू आत घाला. कोरडे घासणे कधीही नाही: धुळीत शिसे असते, आणि वीसलोखच्या मालात थॅलियम व आर्सेनिकही नोंदलेले आहे. ओले काम करतानाही एफएफपी2 (बारीक धूळ अडवणारा) मास्क आणि हातमोजे घाला. खालचा गाळ मोरीत सोडू नका. तो बंद डब्यात साठवून घातक कचऱ्यात द्या. हा दगड ‘ऊर्जा देणारा’ म्हणून पाण्यात बुडवून ते पाणी प्यायला सांगणारे लोक आहेत. ते पाणी कुणीही पिऊ नये, आणि चकती लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

ठेवण्याबद्दल बेफिकीर राहू नका, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात. मार्कासाइट दमट हवेत ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यातून लोहाचे सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होते. सुरुवातीला गंधकाचा तिखट वास येतो, मग पट्टीवर पांढरी-पिवळसर पूड फुलते, खालचे लेबल तपकिरी पडून ठिसूळ होते. शेवटी चकती त्या पट्टीवरच उकलते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते; मार्कासाइटला 50 च्या खाली हवी. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, 5 लिटरला साधारण 100 ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. पूड दिसली तर कोरड्या ब्रशने झटकून चकती इतर नमुन्यांपासून वेगळी करा. पाण्याने धुऊ नका. लॅकरचा थर देऊन हे थांबत नाही. ओलावा आतच अडकतो, आणि लॅकर यूव्ही शोषते किंवा स्वतः उजळते.

शॉर्टवेव्ह दिवा वापरणार असाल तर पॉलीकार्बोनेटचे गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. 254 ने डोळ्याला झालेली इजा लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, तेव्हा उशीर झालेला असतो. फिल्टर लावलेला 365 तुलनेने सौम्य आहे, पण झोत दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही. गॉगल तिथेही घाला.

फोटो काढताना मोबाइलचे ऑटो व्हाइट बॅलन्स सगळे बिघडवते. ते 5500 केल्विनवर पक्के करा, आयएसओ 100 किंवा 200, स्टँड, आणि 8 ते 30 सेकंदांचे एक्स्पोजर. भिंगासमोर फिकट पिवळा यूव्ही अडवणारा फिल्टर धरला तर जांभळी झाक जाते. पुढच्या वेळी विक्रेत्याकडून फोटोऐवजी व्हिडिओ मागा: फिल्टर लावलेला 365 दिवा, चकती हळूहळू फिरवलेली, आणि त्याच फ्रेममध्ये बाजूला स्टीलचा चमचा.